नाव न सांगता सत्य सांगणे

आपल्या देशात मनुष्याचे नाव म्हणजे केवळ हाक मारण्याचे साधन नव्हे. नाव सांगितले की आडनाव आले, आडनावामागून जात आली, आणि जातीमागून गाव, वाडा, बापजाद्यांची पत व सोयरीक ही सारी ओळीने आली. यास्तव जो मनुष्य आपले पूर्ण नाव सांगण्यास कचरतो त्याच्याविषयी आपल्या मनात सहजच संशय उत्पन्न होतो. सरळ माणसास लपविण्यासारखे काय असते, असे आपण म्हणतो. ही समजूत पुष्कळ ठिकाणी योग्यही आहे. परंतु एक ठिकाण असे आहे की तेथे ती तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण त्या तपासणीवर कित्येक घरांचे बरेवाईट अवलंबून आहे.

ज्या शहरास २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत व आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेथे, आणि महाराष्ट्रातील दुसऱ्या अनेक शहरांत, दारू सोडू इच्छिणाऱ्या लोकांच्या सभा भरत असतात. अशा सभेस बहुधा एखाद्या शाळेची किंवा मंदिराची साधी खोली पुरते. तेथे वर्गणी नाही, हजेरीपट नाही, अध्यक्षाची मोठी खुर्ची नाही. एकेक जण उठतो, आपले पहिले नाव तेवढे सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो, आणि आपण काय होतो, काय घडले व आता कसे आहोत हे आपल्या शब्दांत सांगून खाली बसतो. कोणी मध्ये बोलत नाही व कोणी उपदेश करीत नाही. या मंडळास ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे निनावी मद्यपी, असे नाव आहे. लोक त्यास थोडक्यात ए. ए. म्हणतात.

याविषयी ऐकून खेड्यांतील विचारी माणसे एक आक्षेप घेतात, आणि तो क्षुल्लक नाही. ते म्हणतात, “ज्याला खरोखर पश्चात्ताप झाला त्याने चारचौघांत, आपल्या गावात, आपल्या पूर्ण नावानिशी तो सांगावा. परगावी जाऊन, अर्धे नाव सांगून, अनोळखी लोकांपुढे रडण्यात कोणता प्रामाणिकपणा?” नाव झाकणे व सत्य बोलणे ही दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात काय, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम ही रीत निघाली कशी ते पाहू. १९३५ साली मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक रोखेव्यापारी कामासाठी आला होता. दारूपायी त्याने सर्वस्व घालविले होते, आणि अवघे पाचेक महिने तो तिच्यापासून दूर होता. त्याचे काम फसले. उपाहारगृहात तो एकटा उभा असता एका बाजूने दारूच्या दालनातील हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, व दुसऱ्या बाजूस टेलिफोन आणि गावातील मंदिरांची यादी होती. आपण आता बुडतो हे ओळखून त्याने यादीतील एका पाळकास टेलिफोन केला. त्याचे मागणे उपदेशाचे नव्हते. ज्याच्याशी आपल्याला बोलता येईल असा दुसरा एखादा दारुडा त्याला हवा होता. अशा रीतीने त्याची गाठ बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. हा वैद्यही पक्का व्यसनी होता. पाव तासापेक्षा अधिक बसावयाचे नाही असे ठरवून तो आला, आणि तासन्‌तास बसला. त्याला दारूचे तोटे कोणी सांगावयास नको होते, वैद्यच तो. परंतु आपल्यासारखाच पडलेला मनुष्य आपल्याच भाषेत बोलतो आहे, हा अनुभव त्याला नवा होता. त्याच वर्षी १० जून रोजी त्याने शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस हे मंडळ आपला जन्मदिवस मानते.

या हकीकतीतील मर्म नीट ध्यानात घ्यावे. बिल गेला तो बॉबचा उद्धार करण्यासाठी नव्हे. आपण स्वतः वाचावे म्हणून गेला. त्याआधी काही महिने त्याने न्यूयॉर्कमध्ये कितीतरी मद्यप्यांस बोध केला होता, पण एकही सुधारला नाही. मात्र त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला. म्हणजे देणारा व घेणारा असा भेद त्या खोलीत नाही. जो सांगतो तोही रोगीच, व जो ऐकतो तोही रोगीच. दोघेही प्रथम ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होते, आणि एकमेकांपुढे दोष कबूल करणे व केलेल्या नुकसानीची भरपाई करणे या गोष्टी त्यांनी तेथूनच घेतल्या. पुढे मंडळ त्या चळवळीपासून वेगळे झाले. १९३९ साली त्याचा ग्रंथ निघाला व त्यात बारा पायऱ्या सांगितल्या गेल्या. ईश्वर ज्यास जसा समजला असेल तसा त्याने त्यास शरण जावे, एवढेच तेथे म्हटले आहे. म्हणून हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, किंबहुना ईश्वर न मानणाराही तेथे बसू शकतो. प्रवेशाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. आपल्या देशात या कार्याचा आरंभ १९५७ साली मुंबईत झाला.

मराठी वाचकांस हे मर्म समजण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात सुधाकराला दारूची वाट दाखविणारा तळीराम आहे, आणि त्या वाटेवरून परत आणू पाहणारा रामलाल आहे. रामलाल सज्जन, शिकलेला व मित्रावर जीव टाकणारा. परंतु त्याचे बोलणे काठावरून येते. उलट तळीरामाजवळ काय आहे? त्याच्याजवळ मंडळ आहे! ‘आर्य मदिरा मंडळ’ असे मोठे भारदस्त नाव देऊन त्याने पिणाऱ्यांची एक सभाच उभी केली आहे. तेथे कोणी कोणास हिणवीत नाही, आणि अपमानित सुधाकराला सोबती मिळतात. पिण्यासाठी सभा होती. न पिण्यासाठी सभा नव्हती. सुधाकराला आणखी एक सुधाकर भेटता, जो या गर्तेतून वर आला आहे व उद्या पुन्हा पडू नये म्हणून ज्याला सुधाकराची गरज आहे, तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

आता नावाच्या प्रश्नाकडे वळू. खेड्यातील मनुष्याचे पिणे कोणाला ठाऊक नसते? तो कोठे पितो, कोणाच्या उधारीवर पितो, बायकोची पोत कोणत्या सावकाराकडे पडली आहे, हे सारे गाव जाणते. मग नाव न सांगून तो लपवितो तरी काय? विचार केल्यास दिसून येईल की त्याचे पिणे झाकले जात नाही. झाकला जातो तो त्याचा सोडण्याचा प्रयत्न. पिणाऱ्यास गावाची लाज पहिल्या वर्षी वाटते. पुढे ती मरते. परंतु जो सोडावयास निघाला त्याची लाज नव्याने जिवंत होते. पारावर बसलेले म्हणतात, “पाहू या किती दिवस टिकतो ते.” जुने सोबती पैज लावतात. तो अडखळला की साऱ्या गावास आनंद, आणि त्याला पुन्हा उठण्याचे तोंड उरत नाही. नवे रोप लावले म्हणजे शेतकरी त्यास काट्यांचे कुंपण घालतो. रोपाची लाज वाटते म्हणून तो ते झाकीत नाही. शेळीने खाऊ नये म्हणून कुंपण घालतो. निनावीपण हे तशा प्रकारचे कुंपण होय.

आमच्याकडे दारू सोडण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. कोणी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तर कोणी मंडळीपुढे उभा राहून आजन्म न पिण्याची शपथ घेतो. या दोन्हींनी पुष्कळांचे भले झाले आहे, हे आम्ही आदराने म्हणतो. परंतु माळ ज्याच्या गळ्यात टिकली त्याचे चरित्र पाहिल्यास बहुधा असे दिसेल की माळेबरोबर त्याला भजनाची संगतही मिळाली. ज्याला संगत मिळाली नाही त्याची माळ खुंटीवर गेली. शपथेचेही तसेच. आजन्म हा शब्द व्यसनी मनुष्यास डोंगराएवढा वाटतो. सभेतील लोक म्हणून एवढेच म्हणतात की आजचा दिवस पिणार नाही, उद्याचे उद्या. हा निश्चय लहान दिसतो, पण तो रोज करावा लागतो, आणि रोज करावयाच्या गोष्टीस सोबती लागतात.

निनावीपणाचे दुसरे काम आमच्या देशात विशेष आहे. अमेरिकेत आडनाव गाळल्याने मनुष्याची ओळख झाकली जाते. येथे आडनाव गाळल्याने जातही बाहेर राहते. ज्या बाकावर वकील बसला त्याच बाकावर हमाल बसतो, आणि वकिलाला आज पिऊ नये म्हणून हमालाचा शब्द उपयोगी पडतो. आमच्या समाजात, आणि खरे बोलावयाचे तर आमच्या मंडळ्यांतही, अशी जागा सहज आढळत नाही. तिसरे काम सुधारलेल्यांसाठी आहे. दहा वर्षे कोरडा राहिलेला मनुष्य आपल्या पराक्रमाचा डंका वर्तमानपत्रांतून आपल्या नावाने पिटू लागला, तर तो गर्वाने पुन्हा पडण्याचा संभव असतो, व त्याच्याबरोबर पुष्कळांचा विश्वासही पडतो. म्हणून तेथे जुन्यासही नवख्याएवढेच नाव असते.

तथापि यावर कोणी म्हणेल की ही सोय पळवाट झाली. अनोळखी लोकांपुढे बोलून मन हलके केले, आणि ज्यांचे वाटोळे केले ते तसेच राहिले. हा आक्षेप खरा असता, तर त्या मंडळाविषयी चांगले म्हणणे आम्हांस कठीण झाले असते. परंतु त्या बारा पायऱ्यांत असे सांगितले आहे की मनुष्याने आपल्या दोषांची निर्भय झडती घ्यावी, ते ईश्वरापुढे, स्वतःपुढे व दुसऱ्या एका मनुष्यापुढे उघड करावे, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची यादी करावी, आणि ज्या ठिकाणी तसे केल्याने कोणास नवी इजा होणार नाही त्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन भरपाई करावी. ज्याच्या दुकानाची उधारी बुडविली त्याच्याकडे जाताना नाव झाकता येत नाही. ज्या बायकोला मारले तिच्यापुढे कोणी निनावी नसतो. जक्कयाने घेतलेले चौपट परत करीन असे म्हटले, ते लोकांस दिसावे म्हणून नव्हे; ज्यांचे होते त्यांस मिळावे म्हणून. तेव्हा भेद असा की ज्यांस आपल्या पापाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे त्यांच्यापुढे पूर्ण नावाने जावयाचे. ज्यांस तो हक्क नाही, केवळ चघळण्यास विषय हवा आहे, त्यांस तो द्यावयाचा नाही. यात असत्य कोठे आहे?

दुसरा एक आक्षेप याच्याजवळचाच आहे. सभेत मनुष्य म्हणतो की दारूपुढे माझे काही चालत नाही. वैद्यही व्यसनास रोग म्हणतात. मग दोष कोणाचा राहिला? आम्हांस असे वाटते की विहिरीत पडलेल्या मनुष्याचा दृष्टान्त येथे घ्यावा. तो निष्काळजीपणाने पडला असेल, किंवा कोणी ढकलला असेल. पण एकदा आत गेल्यावर निसरड्या भिंतीवरून आपल्या बळाने वर येणे त्याच्याने होत नाही. हे त्याने कबूल केले तर तो जबाबदारीतून सुटतो काय? उलट त्या कबुलीनंतरच त्याचे खरे कर्तव्य सुरू होते: हाक मारणे, आणि दोर खाली आला म्हणजे तो न सोडणे. माझे मला वर येता येईल, असे म्हणत जो गप्प राहतो तोच खरा बेजबाबदार. सभेत जाणे ही ती हाक आहे.

या हाकेची आज किती गरज आहे हे सांगावयास आकडे पुरेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांस त्यापायी मदतीची गरज आहे. परंतु मद्याच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास काही उपचार मिळाला होता. आपल्या संभाजीनगराची तर गोष्टच निराळी. वाळूज व चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे व मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्याचे घसे कोरडे पडले असता या कारखान्यांचे पाणी निम्म्यावर आणावे व पुढे आणखी कमी करावे, असा हुकूम येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठास द्यावा लागला. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, आणि दुकानेही उघडी आहेत. २००८ च्या नियमाप्रमाणे स्त्रियांस मतदानाने आडवी बाटली करून वॉर्डातील किंवा गावातील दुकान बंद पाडता येते, व ज्या भगिनींनी ते केले त्या धन्य होत. परंतु दुकान बंद करणे हे एक काम, आणि दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी थरथरत्या हातांनी घरात बसलेल्या मनुष्यास सोबत देणे हे दुसरे काम. पहिले गाव करू शकते; दुसरे त्याच वाटेने गेलेला मनुष्यच उत्तम करतो. २०२० साली जगातील २७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की मनुष्यास या सभांशी जोडून देणारी उपचारपद्धती दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य पद्धतींच्या तोडीची, किंबहुना काही अंशी सरस ठरते.

आता, वाचकहो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा कोणी असल्यास काय करावे? पहिली गोष्ट अशी की जो अनेक वर्षे रोज पीत आला आहे त्याने एकाएकी, घरातल्या घरात, दारू तोडू नये. अशा वेळी झटके येतात, भ्रम होतो, आणि जीवही जाऊ शकतो. त्याने आधी वैद्यास दाखवावे. शहरातील शासकीय रुग्णालयात, ज्यास सर्व लोक घाटी म्हणतात, मानसोपचाराचा विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारने १४४४६ हा टेलिफोन ठेविला आहे. त्यावर पैसे न देता विचारपूस करता येते. सभा कोठे व कोणत्या वारी भरते हे अशा केंद्रांत, किंवा व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या संस्थेत विचारल्यास कळते. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेले ‘मुक्तांगण’ या कामात प्रसिद्ध आहे, आणि उपचार संपल्यावरही माणसाने सोबत्यांच्या बैठकीस येत राहावे यावर तेथे भर असतो. सभांचे दोन प्रकार असतात: खुल्या सभेस कोणीही जाऊन ऐकावे, बंद सभा केवळ मद्यप्यांसाठी असते. पहिल्या दिवशी काही बोललेच पाहिजे असे नाही. मागच्या बाकावर बसून ऐकले तरी चालते. पैठण, गंगापूर किंवा वैजापूरकडून बाजारास आलेल्यास तेथे आपल्याच गावचा मनुष्य भेटला, तर घाबरू नये. तोही त्याच कामासाठी आलेला असतो. आणि ही गोष्ट केवळ पुरुषांची नव्हे. पिणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि त्यांची लाज दुप्पट असल्यामुळे त्यांस हे कुंपण अधिकच हवे. मद्यप्यांच्या घरच्यांसाठीही १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ नावाचे निराळे मंडळ आहे. पती पीत राहो वा सोडो, पत्नीचे दुःख ऐकणारे कोणी असावे, हा त्याचा हेतू.

शेवटी मंडळ्यांस दोन शब्द. तुमच्यापाशी उपासनेची खोली आहे, आणि आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी तिला कुलूप असते. कोणी सभेसाठी ती मागितल्यास द्या, दिवा लावून द्या, आणि कोण आले हे पाहण्यासाठी दारात उभे राहू नका. उपदेशात गावच्या मद्यप्याचे नाव घेऊन त्यास लाजविण्याची रीत कोठे असेल तर ती बंद करा. लाजेने तो उठून जातो, आणि जेथे त्यास कोणी लाजवीत नाही तेथे, म्हणजे गुत्त्यात, जाऊन बसतो. शहरात जाण्यास त्याच्यापाशी एस. टी. चे भाडे नसेल तर रोख त्याच्या हाती न देता तिकीट काढून द्या. तो परत आल्यावर काय बोललास, कोण होते, असे विचारू नका. एक महिन्याने तो पुन्हा पडला, तर झालेला महिना फुकट गेला असे म्हणू नका. त्या महिन्यात त्याची मुले पोटभर जेवली व निर्धास्त झोपली. त्यास एवढेच सांगा की पुढची सभा कोणत्या वारी आहे.

ज्याने दारूपायी घर, शेत व अब्रू घालविली त्याच्यापाशी स्वतःचे म्हणून नावच काय ते उरलेले असते, आणि तेही गावाने चिखलात तुडविलेले असते. ते नाव धुऊन स्वच्छ होईपर्यंत त्याने ते थोडे दिवस झाकून ठेविले, तर आपण ते ओढून काढू नये.